०.९१ कुठून आला?

आमची प्रयोगशाळा वस्तू जाळून त्यातून किती उष्णता आणि धूर निघतो ते मोजते. ३ फेब्रुवारीच्या दुपारी तिची तपासणी करायला आलेल्या असेसर मॅडमनी आमच्या प्रोपेन कॅलिब्रेशनच्या फाइलमधल्या एका आकड्यावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "हा ०.९१ कुठून आला?"

मी म्हटलं, प्रोपेनवरून. बर्नरला मोजून प्रोपेन देतो, ३०० किलोवॉटची आग लावतो, आमची यंत्रणा ३३० दाखवते, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ०.९१ चा गुणक टाकतो. मग बरोबर ३०० येतात.

"बरं. धुराच्या आकड्यालाही हाच गुणक लावता?"

"नाही."

"का नाही?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारी बसलेल्या आमच्या क्वालिटी मॅनेजर सरांकडेही नव्हतं. मॅडमनी पान उलटलं. तिथे धूर ओढणाऱ्या पंख्याच्या कमी वेगावरच्या प्रोपेन फेरीची नोंद होती, आणि तिथला गुणक ०.८६ होता. "आणि चाचणीत मात्र दोन्हीकडे ०.९१?" हो, दोन्हीकडे.

त्या संध्याकाळी आमच्या नावावर एक नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे कामातल्या त्रुटीची अधिकृत नोंद, लागली आणि पुढचे अडीच महिने माझ्या डोक्यात एक्झॉस्ट डक्टशिवाय दुसरं काही नव्हतं. आता ती बंद झाली आहे. आगीच्या चाचण्या करणाऱ्या दुसऱ्या कुणाला हेच निस्तरायची वेळ आली तर निदान सुरुवात कुठून करायची ते कळावं, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

प्रश्न वरवर वाटतो त्यापेक्षा टोकदार होता. हूडखाली, म्हणजे धूर गोळा करून डक्टच्या नळकांड्यात सोडणाऱ्या छत्रीखाली, वस्तू जाळली की ती किती उष्णता सोडते हे आपण थेट मोजत नाही. ज्वलनात खर्च झालेल्या दर किलो ऑक्सिजनमागे साधारण १३.१ मेगाज्यूल उष्णता निघते. थॉर्नटननं १९१७ मध्ये द्रव आणि वायू इंधनांबद्दल हे दाखवलं, आणि १९८० मध्ये हगेटनं प्लास्टिक, लाकूड वगैरेंसाठीही ते सुमारे ५ टक्क्यांच्या आत खरं ठरतं हे मांडलं. म्हणून डक्टमधला ऑक्सिजन किती घटला ते बघायचं आणि डक्टमधून एकूण किती वायू वाहतो आहे त्यानं गुणायचं. धुराचं गणितही तसंच आहे, फक्त तिथे ऑक्सिजनच्या जागी प्रकाश किती अडला ते येतं आणि त्याला पुन्हा त्याच प्रवाहानं गुणायचं असतं.

म्हणजे प्रोपेनवरचा गुणक ऑक्सिजन विश्लेषकाची चूक आणि प्रवाहाची चूक दोन्ही एकत्र गिळतो. उत्तर बरोबर येतं, पण नेमकं काय दुरुस्त झालं ते कळत नाही. चूक ऑक्सिजनमध्ये असेल तर धुराचे आकडे ठीक. प्रवाहात असेल तर आमचे दीड वर्षातले धुराचे सगळे आकडे दहा टक्के फुगलेले. आणि या दोहोंपैकी काय खरं, हे आम्हाला सांगता येत नव्हतं.

नॉन-कन्फॉर्मिटीला उत्तर द्यायच्या फॉर्मबद्दल आधीच सांगते, कारण मी तिथे पहिला आठवडा वाया घालवला. मूळ कारण, दुरुस्ती, आणि आधी दिलेल्या अहवालांवर परिणाम असे तीन रकाने होते. पुराव्यांसह उत्तराला ६० दिवस, म्हणजे ४ एप्रिल. पहिल्या रकान्यात मी घाईघाईनं "प्रोबचं कॅलिब्रेशन जुनं झालं" असं लिहिलं. सरांनी कागद परत केला. "हे कारण नाही, हा अंदाज आहे. मोजून दाखव." तेव्हा राग आला होता. पण दोन महिन्यांनी असेसरनं तेच वाक्य खोडलं असतं, हे आता कळतं.

सुरुवात समीकरणापासून केली. आमच्या डक्टचा व्यास ४०० मिलिमीटर. मधोमध बायडायरेक्शनल प्रोब बसवलेला आहे, आम्ही त्याला दुतोंड्या म्हणतो. १६ मिलिमीटर व्यासाचा, ३२ मिलिमीटर लांबीचा स्टीलचा नळीचा तुकडा, मधोमध आडवी भिंत, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक दाबनळी. मॅककॅफ्री आणि हेस्केस्टाड यांनी १९७६ मध्ये तो मांडला. वेग मोजायच्या नेहमीच्या पिटो नळीची बारीक छिद्रं काजळीनं बुजतात, याची तोंडं मोठी असल्यानं बुजत नाहीत. शिवाय प्रवाह थोडा तिरका आला तरी हा फारसा फसत नाही. त्या दोन नळ्यांमधला दाबफरक म्हणजे डेल्टा पी. मग आकारमान-प्रवाह असा काढतात: २२.४ गुणिले डक्टचं क्षेत्रफळ, गुणिले केटी, भागिले केपी, आणि या सगळ्याला गुणिले डेल्टा पी भागिले तापमान (केल्विनमध्ये) याचं वर्गमूळ. उत्तर २५ अंश सेल्सियसला आणलेल्या घनमीटर प्रतिसेकंदात येतं.

हा २२.४ बघून रसायनशास्त्रातला मोलमागे २२.४ लिटर आठवतो. मलाही कित्येक महिने तो तोच वाटत होता. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. २९८ केल्विनची दुप्पट करून तिला त्या तापमानाच्या हवेच्या घनतेनं भागलं आणि वर्गमूळ काढलं की योगायोगानं २२.४ च येतं.

केपी हा प्रोबचा स्वतःचा स्थिरांक, १.०८. प्रोबवरचा रेनॉल्ड्स अंक (वेग, प्रोबचा आकार आणि हवेचा चिकटपणा यांवरून काढलेला आकडा) साधारण ३८०० च्या वर असेल तर तो तेवढाच धरतात, खाली गेला की बदलतो. आमच्या नेहमीच्या वेगाला थंड हवेत हा अंक दहा हजारांच्या आसपास आणि कमी वेगाला साडेचार हजारांच्या आत-बाहेर येत होता. म्हणजे तिथून मोठी चूक यायची शक्यता कमी. केटी मात्र डक्टचा स्थिरांक आहे. मध्यभागी प्रवाह जोरात, भिंतीजवळ मंद, त्यामुळे मधल्या एका बिंदूवर मोजून अख्ख्या डक्टचा अंदाज करताना किती कापायचं ते केटी सांगतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ०.९३ होता. डक्ट बसवला तेव्हाचा.

म्हणजे संशयित चार: डेल्टा पी, तापमान, क्षेत्रफळ, केटी. तापमानाचं लवकर आटपलं. ३०० केल्विनला ३ केल्विनची चूक म्हणजे तापमानात एक टक्का आणि वर्गमूळामुळे प्रवाहात अर्धा. तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलवरची काजळी पुसली, शेजारी दुसरं लावून ताडून पाहिलं आणि पुढे गेले.

१० फेब्रुवारीला डेल्टा पी मोजणारं उपकरण, म्हणजे ट्रान्सड्यूसर पकडला. आमची पद्धत अशी की सकाळी पंखा बंद असताना झिरो घ्यायचा आणि दिवसभर त्यावर चालायचं. यात दोन घोटाळे आहेत. पहिला म्हणजे पंखा बंद असला तरी डक्ट कोमट असेल तर हवा आपोआप वर ओढली जाते, त्यामुळे आपण ज्याला शून्य म्हणतो ते शून्य नसतंच. खरा झिरो ट्रान्सड्यूसरची दोन्ही तोंडं एकमेकांना जोडून घ्यायचा. त्यासाठी एक छोटा व्हॉल्व्ह पुरतो. दुसरा घोटाळा आमच्या बसवणुकीतला होता. ट्रान्सड्यूसर डक्टलाच लावलेल्या पट्टीवर होता. दिवसभरात दोन-तीन चाचण्या झाल्या की तो तापायचा. त्या दिवशी मी दर तासाला तोंडं जोडून झिरो बघितला. सकाळी नऊला ०.०, अकराला ०.४, दुपारी दोनला ०.९, चार वाजता १.२ पास्कल.

१.२ पास्कल ऐकायला काहीच नाही. नेहमीच्या वेगाला डेल्टा पी साठच्या आसपास असतो, तिथे त्यानं प्रवाहात एक टक्का फरक पडतो. पण कमी वेगाला खरा डेल्टा पी बाराच्या आसपास. १२ ऐवजी १३.२ दिसले की प्रवाह जवळजवळ पाच टक्के फुगतो. दोन वेगांना दोन वेगळे गुणक का येत होते, याचं बहुतेक उत्तर इथेच मिळालं. मग प्रमाणपत्र काढून वाचलं. "अचूकता पूर्ण पल्ल्याच्या ०.५ टक्के." पल्ला ० ते २५० पास्कल, म्हणजे १.२५ पास्कल. उपकरण त्याच्या शब्दाला जागलं होतं. इतकी वर्षं त्या ०.५ टक्क्याकडे बघून आम्ही निश्चिंत होतो, पण तो टक्का कशाचा ते वाचलं नव्हतं.

१२ फेब्रुवारीला तो कॅलिब्रेशनला पाठवला. तीन आठवडे लागतील असं सांगितलं आणि तेवढेच लागले. पाठवताना एक गोष्ट सुचली म्हणून बरं झालं: नुसतं "कॅलिब्रेट करा" न लिहिता ५, १०, १५, ३०, ६० आणि १२० पास्कल हे बिंदू मागितले. नाहीतर पल्ल्याचे चार-पाच समान तुकडे करून ५०, १००, १५०, २००, २५० असे बिंदू मिळाले असते आणि आपण जिथे काम करतो तिथलं काहीच कळलं नसतं. सोबत ० ते ५० पास्कल पल्ल्याच्या दुसऱ्या ट्रान्सड्यूसरची मागणीही टाकली. तिच्यावर सह्या व्हायला प्रत्यक्ष कॅलिब्रेशनपेक्षा जास्त दिवस लागले, तो वेगळा विषय.

तोवर बसून राहण्यात अर्थ नव्हता. शेजारच्या विभागातून अगदी लहान दाबफरक मोजणारा एक मायक्रोमॅनोमीटर उसना घेतला, पिटो नळी काढली आणि १७ फेब्रुवारीला केटीसाठी ट्रॅव्हर्स सुरू केला. म्हणजे डक्टच्या एका व्यासावर ठरलेल्या दहा जागी नळीचं टोक नेऊन वेग मोजायचा, मग त्याला काटकोनात असलेल्या व्यासावर पुन्हा दहा जागी. जागा समान अंतरावर नसतात. लॉग-लिनियर पद्धतीनं ४०० मिलिमीटरच्या डक्टला त्या भिंतीपासून ८, ३१, ६१, ८७ आणि १४४ मिलिमीटर, आणि पलीकडून तेवढ्याच. नळीवर मी रंगीत चिकटपट्टीच्या खुणा केल्या. शिडीवर चढून अंधाऱ्या भोकाशी टेप धरत बसण्यापेक्षा हे बरं.

पहिल्या दिवशी आकडे नाचायला लागले. एकाच जागी ५८, मग ६६, मग ५१. पंखा तपासला, ठीक. पिटो नळी फुंकून पाहिली, मोकळी. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी आमचे तंत्रज्ञ दादा शिडीवर चढले आणि बॅटरी दुतोंड्याच्या पारदर्शक नळीच्या अगदी जवळ धरली. नळी प्रोबपासून खाली येताना मधे झोळीसारखी लोंबत होती, आणि त्या झोळीच्या तळाला चहाच्या रंगाचा एक थेंब बसला होता. पंख्याच्या प्रत्येक धापेबरोबर तो इवलासा इकडे, इवलासा तिकडे सरकत होता. आगीतून पाणी निघतं, ते नळीत गार होऊन साचलं होतं. पाण्याचा एक मिलिमीटर स्तंभ म्हणजे ९.८ पास्कल, आणि मी एका पास्कलच्या मागे लागले होते.

दोन दिवस त्या थेंबात गेले. नळ्या बदलल्या, प्रोबच्या दिशेला सलग उतार राहील अशा बांधल्या, म्हणजे पाणी झालंच तर डक्टमध्ये परत जाईल. काजळी काढायला नळ्यांतून कोरडी हवा सोडायची असेल तर आधी ट्रान्सड्यूसरची जोडणी काढा. आमच्याकडे पूर्वी एकदा ती काढायची राहिली होती आणि आतला पडदा फाटला होता. गळतीही याच वेळी पाहिली: नळीचं दुसरं टोक बंद करायचं, सिरिंजनं थोडा दाब द्यायचा आणि तो टिकतो का बघायचं. एका बाजूच्या जोडावर टिकत नव्हता. घट्ट केल्यावर टिकला.

१९ आणि २० फेब्रुवारीला ट्रॅव्हर्स नीट झाला. प्रत्येक जागी ६० सेकंदांची सरासरी, आणि त्याच वेळी मधल्या दुतोंड्याचीही नोंद. ही दुसरी नोंद विसरू नका. वीस जागा फिरायला तासभर जातो आणि तेवढ्यात पंखा थोडा तरी बदलतोच. प्रत्येक वाचनाला त्याच मिनिटाच्या मधल्या वाचनानं भागलं की तो बदल निघून जातो. सरासरी काढतानाही मी जवळजवळ फसले होते. आधी डेल्टा पीची सरासरी काढून तिचं वर्गमूळ घेतलं. ते चूक आहे, आधी प्रत्येकाचं वर्गमूळ आणि मग सरासरी. समजा दोनच जागा आहेत, १०० आणि ३६ पास्कलच्या. वर्गमुळं १० आणि ६, सरासरी ८. उलट क्रमानं केलं तर ६८ चं वर्गमूळ, ८.२५. तीन टक्क्यांची चूक तिथल्या तिथे.

केटी आला ०.८७.

सॉफ्टवेअरमध्ये ०.९३. हा फरक एकटाच साडेसहा टक्के खातो. शिवाय प्रवाह वाकडा होता: आडव्या व्यासावर दोन्ही बाजू बऱ्यापैकी सारख्या, उभ्या व्यासावर वरची बाजू जोरात आणि खालची मंद. असं वळणानंतर होतं. वळण तर आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. दीड वर्षापूर्वी हूड हलवला, तेव्हा डक्टचा मार्ग बदलला. आधी प्रोबच्या अलीकडे दहा व्यासांएवढी सरळ लांबी होती, ती जेमतेम पाच उरली. फायलीत त्या बदलाचा फॉर्म सापडला. "मोजमापावर परिणाम होईल का?" या ओळीपुढे "नाही" वर टिक होती, आणि खाली सही माझी.

त्याच सुमाराला प्रोपेनचा गुणक ०.९८ वरून ०.९१ वर आला होता. तेव्हा आम्ही नवा आकडा टाकला आणि कामाला लागलो. गुणक सात टक्क्यांनी सरकतो तेव्हा डक्ट आपल्याला काहीतरी सांगत असतो, आणि आम्ही सॉफ्टवेअरचा रकाना भरून त्याचं तोंड बंद केलं होतं.

मूळ कारणाचा रकाना आता भरता आला असता, पण क्षेत्रफळ राहिलं होतं. २५ फेब्रुवारीला तपासणीचं झाकण उघडून आतल्या मापाच्या कॅलिपरनं चार दिशांना व्यास घेतला. ३९५, ३९६, ३९६, ३९७. भिंतीवर सगळीकडे दोनेक मिलिमीटर काजळी, नखानं ओरखडा काढला तर मऊ पापुद्रा निघेल अशी. व्यासात एक टक्का म्हणजे क्षेत्रफळात दोन टक्के. सॉफ्टवेअर इमानदारीत ४०० धरून बसलं होतं.

डक्ट साफ केला. पूर्ण दिवस गेला, दोघंजण, मुखवटे, आणि तरी दुसऱ्या दिवशी रुमालावर काळं. व्यास ३९९ ते ४०० झाला. मी समाधानानं वहीत लिहीत होते तेवढ्यात दादांनी विचारलं, "मॅडम, भिंत गुळगुळीत झाली. मग तुमचा केटी तोच राहील?"

राहणार नव्हता. आधी सफाई आणि मग ट्रॅव्हर्स, हा साधा क्रम मी उलटा केला होता. २ आणि ३ मार्चला पुन्हा शिडी, पुन्हा वीस जागा, तीन वेगांना, प्रत्येकी तीनदा. या वेळी ०.८८. तुम्ही करणार असाल तर आधी नळ्या, मग झिरो, मग सफाई आणि व्यास, आणि सगळ्यात शेवटी ट्रॅव्हर्स. माझा पहिला ट्रॅव्हर्स अगदीच फुकट गेला नाही. जुन्या अहवालांचा हिशोब करताना घाणेरड्या डक्टचा ०.८७ च लागला.

५ मार्चला ट्रान्सड्यूसर परत आला. डक्टवरची पट्टी काढून तो भिंतीवर, गरम भागापासून लांब बसवला. ९ मार्चला प्रोपेन.

पैशांचा हिशोब जागोजागी वेगळा असतो, म्हणून खर्च वायूत सांगते. आमची फेरी अशी: दोन मिनिटं काही नाही, पाच मिनिटं १०० किलोवॉट, पाच मिनिटं ३००, पुन्हा पाच मिनिटं १००, आणि शेवटी दोन मिनिटं बंद. प्रोपेनची ज्वलन-उष्णता किलोमागे ४६.४ मेगाज्यूल, म्हणजे एका फेरीला सव्वातीन किलो. दोन वेग, प्रत्येकी तीन फेऱ्या, शिवाय विझलेल्या बर्नरमुळे वाया गेलेली एक. साधारण २३ किलो. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला होता, कारण प्रवाहमापक काय म्हणतो त्यापेक्षा काटा काय म्हणतो त्यावर माझा भरवसा जास्त. लांब फेरीत सिलिंडर गार पडून दाब उतरतो, तेव्हा दोन सिलिंडर जोडून वापरलेले बरे.

प्रोपेनसाठी १३.१ वापरायचा नाही, १२.८ वापरायचा. सरासरी आकडा ठेवला तर दोन टक्क्यांहून जास्तीची चूक कॅलिब्रेशनमध्येच शिरते. आमच्याकडे हा रकाना सुदैवानं बरोबर होता.

या वेळी ऑक्सिजनबरोबर कार्बनचाही ताळा घेतला, आणि माझ्या मते सगळ्या खटाटोपातलं हेच सगळ्यात उपयोगी. प्रोपेनच्या एका रेणूत तीन कार्बन. पूर्ण जळाला तर तीन कार्बन डायऑक्साइड. ३०० किलोवॉटला सेकंदाला ६.४७ ग्रॅम प्रोपेन जळतो, त्यातून सुमारे १९.४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघालाच पाहिजे. डक्टमध्ये त्याचं प्रमाण किती ते विश्लेषक सांगतो, मग एकूण प्रवाह किती असायला हवा ते उलटं काढता येतं. यात ऑक्सिजन विश्लेषक नाही, १२.८ नाही, प्रोब नाही, केटी नाही. प्रवाहाचा दुसरा, स्वतंत्र साक्षीदार. आमच्या नेहमीच्या वेगाला, सुमारे १.०३ घनमीटर प्रतिसेकंद प्रवाहात, वाळवलेल्या नमुन्यात कार्बन डायऑक्साइड १.१ टक्क्याच्या आसपास आणि ऑक्सिजन २०.९५ वरून १९.३ च्या आसपास यायला हवा होता. दोन्ही आले. हवेतला मूळचा कार्बन डायऑक्साइड वजा करायचा, आणि हूडच्या कडेनं धूर निसटत नाही ना ते डोळ्यांनी बघायचं, एवढ्या दोन अटी.

नवा गुणक नेहमीच्या वेगाला १.०० आला, कमी वेगाला ०.९८. मी कुणाला काही न बोलता कमी वेगाची फेरी पुन्हा एकदा घेतली. पुन्हा ०.९८.

जुना हिशोबही जुळला. केटीचा ०.९३५, व्यासाचा ०.९८ आणि झिरोचा ०.९९ यांचा गुणाकार ०.९०७. असेसर मॅडमना ०.९१ कुठून आला ते आता सांगता येत होतं.

तिसरा रकाना मात्र जिवावर आला. दीड वर्षातल्या सगळ्या चाचण्या काढल्या. नेहमीच्या वेगावरचे उष्णतेचे आकडे शाबूत राहिले, कारण चुकीच्या प्रवाहावर चुकीचाच पण बरोबर बसणारा गुणक लागला होता. कमी वेगावरचे साडेपाच-सहा टक्के जास्त निघाले. धुराचे सगळेच फुगलेले: नेहमीच्या वेगाला दहा टक्के, कमी वेगाला चौदा-पंधरा. काजळी एका दिवसात साचत नाही, म्हणून अलीकडच्या चाचण्यांना पूर्ण आणि जुन्यांना कमी दुरुस्ती असा हिशोब मांडला आणि त्यातली अनिश्चितता वेगळी दाखवली. हे शक्य झालं कारण आमचं सॉफ्टवेअर कच्चा डेल्टा पी आणि तापमान दर तीन सेकंदांना साठवत होतं. फक्त काढलेला प्रवाह साठवला असता तर हातात काहीच नसतं. तुमच्याकडे काय साठवलं जातं ते आजच बघा.

आमची चूक ग्राहकाच्या विरुद्ध बाजूला होती, म्हणजे वस्तू प्रत्यक्षाहून जास्त धूर देणारी दिसली. तरी पत्रं लिहावीच लागली. सुधारित अहवाल काढले. एका ग्राहकानं फोनवर बरंच सुनावलं. एकानं उलट आभार मानले, कारण त्याचं उत्पादन थोडक्यासाठी आगीच्या चाचणीतल्या वरच्या वर्गाला मुकलं होतं. त्या आभारांनी मला जास्त वाईट वाटलं.

३० मार्चला सगळं पाठवलं. मुदतीच्या पाच दिवस आधी. १७ एप्रिलला एक प्रश्न परत आला: झिरोची नोंद दिवसातून किती वेळा घेता? आम्ही प्रत्येक चाचणीच्या आधी आणि नंतर, तोंडं जोडून, असं लिहिलं आणि दोन आठवड्यांच्या नोंदी जोडल्या. २२ एप्रिलला नॉन-कन्फॉर्मिटी बंद झाल्याचं पत्र आलं.

आता डक्टचा व्यास दर तीन महिन्यांनी मोजायचा असं पद्धतीत घातलं आहे, आणि गुणक दोन टक्क्यांहून जास्त सरकला तर नवा आकडा टाकायच्या आधी कारण लिहिल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे जात नाही. कमी वेगाच्या ०.९८ मधले ते दोन टक्के अजून सापडलेले नाहीत. ०-५० पल्ल्याचा ट्रान्सड्यूसर परवा आला. या आठवड्यात तो लावून पाहणार आहे.